फोनला जोडलेला कीबोर्ड सारखा अडखळतो, अक्षरं पुन्हा पुन्हा उमटतात: कारण आणि इलाज

टेबलावरचा संगणक हलवून त्या जागी फोन, ब्लूटूथ कीबोर्ड, माउस आणि एक मोठा स्क्रीन ठेवला, त्याला आता तीन वर्षं होत आली. लेखन, हिशेबाचे तक्ते, मेल, व्हिडिओ बैठका, सगळं यावरच चालतं आणि नीट चालतं. पण सुरुवातीचे कितीतरी महिने एकाच त्रासाने माझा पिच्छा पुरवला होता. त्याच त्रासाला कंटाळून फोनवर काम करणं सोडून दिलेली माणसं मला अजूनही भेटतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

त्रास असा. कीबोर्ड दहा-पंधरा मिनिटं उत्तम चालतो. मग 'काम' लिहायला जावं तर स्क्रीनवर 'काममममममममम' उमटतं. नाहीतर दोन सेकंद काहीच उमटत नाही आणि मग अख्खं वाक्य एकदम येऊन पडतं. माउसचा बाण सरळ सरकण्याऐवजी उड्या मारत जातो. ब्लूटूथच्या यादीत मात्र 'कनेक्टेड' असंच दिसत राहतं. आपण कीबोर्ड 'फर्गेट' करतो, म्हणजे फोनच्या यादीतून काढतो, पुन्हा पेअर करतो, म्हणजे नव्याने जोडतो, आणि सगळं सुरळीत होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पुन्हा पेअर केलं की बरं होतं, हेच सगळ्यात जास्त फसवतं. पेअर करण्यासाठी आपण हातातलं काम थांबवतो. तेवढ्या दोन-तीन मिनिटांत चालू असलेली फाइल कॉपी संपते, डाउनलोड उरकतं, ब्लूटूथची जोडणी नव्याने होते. आराम पडतो तो त्यामुळे, आणि श्रेय जातं पेअरिंगला. मी यापायी एक चांगला कीबोर्ड बाजूला टाकला. नवा कीबोर्डही तसाच अडखळायला लागला तेव्हा कुठे कळलं, की दोष कीबोर्डचा नाही. फोनच्या भोवती जी रेडिओची गर्दी झाली आहे, तिचा आहे.

आधी हेच दुखणं आहे ना, ते बघा

वरवर सारखे दिसणारे आणखी दोन त्रास आहेत. त्यांचे इलाज वेगळे आणि सोपे आहेत, म्हणून ते आधी बाजूला काढू.

थोडा वेळ हात थांबले की पुढची पहिली दोन-तीन अक्षरं गायब होत असतील आणि त्यानंतर सगळं व्यवस्थित चालत असेल, तर कीबोर्ड झोपला होता इतकंच. बॅटरी वाचवण्यासाठी बहुतेक ब्लूटूथ कीबोर्ड काही मिनिटांनी झोपतात आणि पहिलं बटण त्यांना जागं करण्यात जातं. शिफ्ट दाबा, क्षणभर थांबा, मग लिहायला लागा. यात बिघडलेलं काही नाही.

कीबोर्ड जोडलाच जात नसेल किंवा जोडला जाऊन लगेच सुटत असेल, तर प्रकरण पेअरिंगचं आहे. दोन-तीन उपकरणांशी जोडता येणाऱ्या कीबोर्डवर १, २, ३ अशी बटणं असतात. चुकून २ दाबलं गेलं की तो दुसऱ्याच उपकरणाला शोधत बसतो. ते ठीक असेल तर दुसरी शक्यता अशी: पेअर करताना फोन आणि कीबोर्ड दोघंही एक गुप्त किल्ली आपापल्याकडे जपून ठेवतात. आपण फोनमधून कीबोर्ड काढून टाकतो, पण कीबोर्डकडे जुनी किल्ली तशीच राहते. म्हणून पुसायचं तर दोन्हीकडून पुसा. कीबोर्डवर पेअरिंगचं बटण बराच वेळ दाबून धरलं की बहुतेक मॉडेलांत जुनी नोंद जाते. तुमच्या मॉडेलची नेमकी रीत माहितीपुस्तिकेत मिळेल.

आणि सेलवर चालणारा कीबोर्ड असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, रिचार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा. त्यामुळे रिचार्जेबल सेल घातल्यावर काही कीबोर्ड 'बॅटरी कमी' असा इशारा फार लवकर देतात. तपासणीपुरते ताजे अल्कलाइन सेल घाला, म्हणजे ती शंका मिटेल.

हे दोन्ही नसेल, म्हणजे जोडणी टिकून आहे पण मधूनच अडखळते, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

'काममममम' का होतं

कीबोर्ड फोनला दोन निरोप पाठवतो: बटण दाबलं, आणि बटण सोडलं. अक्षर पुन्हा पुन्हा उमटवण्याचं काम कीबोर्ड करत नाही, ते फोन करतो. 'दाबलं' हा निरोप मिळाला आणि 'सोडलं' हा आलाच नाही, तर फोन समजतो की बटण अजून दाबलेलंच आहे. अँड्रॉइड साधारण अर्धा सेकंद वाट बघतो आणि मग सेकंदाला २० या गतीने तेच अक्षर उमटवत सुटतो. 'सोडलं' हा निरोप एक सेकंद उशिरा पोचला की दहाएक 'म' तयार. म्हणजे बटण अडकलेलं नसतं, निरोप अडकलेला असतो.

तो अडकतो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. ब्लूटूथ २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झ या जागेत बोलतं. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये या जागेचे ७९ चॅनेल आहेत आणि जोडणी सेकंदाला १६०० वेळा एका चॅनेलवरून दुसऱ्यावर उडी मारते. नव्या कमी ऊर्जेच्या ब्लूटूथमध्ये, जे हल्लीचे बरेचसे कीबोर्ड-माउस वापरतात, दुप्पट रुंदीचे ४० चॅनेल आहेत. याच जागेत वाय-फायचे २.४ गिगाहर्ट्झवाले चॅनेलही बसलेले आहेत, एकेक २० मेगाहर्ट्झ रुंद. शिवाय डाँगलवर, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये खोचायच्या छोट्या रिसीव्हरवर, चालणारे वायरलेस माउस आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही इथेच.

ब्लूटूथ या गर्दीपुढे अगदी हतबल नाही. २००३ च्या १.२ आवृत्तीपासून खराब चॅनेल ओळखून ते टाळण्याची सोय त्यात आहे. पोचला नाही तो निरोप पुन्हा पाठवला जातो, म्हणून अक्षरं सहसा हरवत नाहीत, उशिरा येतात. एका वाय-फायला वळसा घालून जाणं ब्लूटूथला सहज जमतं. पण एकीकडे वाय-फाय, दुसरीकडे यूएसबी हबचा (फोनच्या एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीचा) गोंगाट, त्यात हेडफोनवर आवाज चालू, असं झालं की वळसा घालायला जागाच उरत नाही.

टेबलावरच्या संगणकावर हा त्रास इतका का नव्हता, हे मला फार उशिरा उमगलं. तिथे इंटरनेट बहुधा केबलने येतं, स्क्रीन वायरने जोडलेला असतो, कीबोर्डही कित्येकदा वायरचा. फोनमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ सहसा एकाच चिपवर असतात, आणि पुष्कळ फोनमध्ये २.४ गिगाहर्ट्झसाठी दोघांत अँटेनाही एकच. दोघांना पाळीपाळीने बोलावं लागतं. वाय-फायवर मोठं डाउनलोड सुरू झालं की ब्लूटूथची पाळी आखडती होते. वर आपण चार्जर, हब, ड्राइव्ह हे सगळं त्या फोनपासून वीतभर अंतरावर आणून ठेवतो.

पहिला संशयित: यूएसबी हब

माझ्या बाबतीत मुख्य गुन्हेगार हाच निघाला, आणि सापडला तो निव्वळ योगाने. एका संध्याकाळी मी फोनमधले व्हिडिओ हबला लावलेल्या एसएसडीवर, म्हणजे वेगवान बाहेरच्या ड्राइव्हवर, उतरवत होतो आणि त्याच वेळी एक टिपण लिहीत होतो. कीबोर्ड असा अडखळत होता की शब्द पुरा होईना. वैतागून हात बाजूला घेतले आणि नुसता माउस हलवत बसलो. बाण तुटक तुटक उड्या मारत होता. कॉपीची पट्टी शेवटाला पोचली, 'पूर्ण झालं' असं आलं, आणि त्याच क्षणी बाण तेलावरून फिरावा तसा फिरायला लागला. दुसरी फाइल कॉपीला लावली, पुन्हा उड्या. रद्द केली, पुन्हा सुरळीत. पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा तसंच.

याचं कारण पक्कं माहीत असलेलं आहे. यूएसबी ३.० ची केबल सेकंदाला ५ गिगाबिट नेते. त्या विजेच्या लहरींचा पसारा बराच रुंद असतो आणि त्याचा काही भाग २.४ ते २.५ गिगाहर्ट्झमध्ये, म्हणजे नेमका ब्लूटूथच्या अंगणात पडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर एक टिपण प्रसिद्ध केलं होतं. त्यांच्या मोजणीत यूएसबी ३.० चं उपकरण जवळ चालू असताना या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलने वाढला होता, म्हणजे शंभरपट. आणि हा काही एखाद्या कंपनीच्या हबचा दोष नाही, तो त्या वेगाच्या जोडणीचा स्वभाव आहे. उत्तम आवरण असलेला हब आणि केबल त्याला आवर घालतात, हलक्या वस्तू मोकाट सोडतात, एवढाच फरक.

इलाज सोपे आहेत. हब फोनपासून आणि कीबोर्डपासून लांब न्या. आखूड शेपटीचा, फोनला चिकटून लोंबणारा हब या कामाला वाईट. त्याऐवजी चांगल्या आवरणाची लांब केबल असलेला घ्या आणि तो स्क्रीनच्या मागे ठेवा. पण स्क्रीनसाठी जोडणार असाल तर ती केबल व्हिडिओ नेणारी आहे ना, ते बघून घ्या. फक्त चार्जिंगची यूएसबी-सी केबल इथे चालत नाही. ड्राइव्ह काम झालं की काढून ठेवा. मी आता मोठ्या फायली जेवायला उठताना कॉपीला लावतो.

माउस डाँगलवाला असेल तर त्याचा त्रास आणखी जास्त, कारण डाँगलचा अँटेना थेट हबच्या तोंडाशी असतो. डाँगल आणि ड्राइव्ह कधीही शेजारशेजारच्या पोर्टमध्ये लावू नका. हबला यूएसबी २.० चा पोर्ट असेल तर डाँगल तिथे घाला आणि मधे मीटरभराची एक्स्टेन्शन केबल लावून त्याला माउसजवळ आणा. कीबोर्ड-माउसला वेग लागतच नाही, यूएसबी २.० सुद्धा त्यांना भरपूर होतो. माझ्याकडच्या डाँगलच्या माउसचं अडखळणं या एका केबलने कायमचं थांबलं.

एक बारकावा जाता जाता. यूएसबी-सीमधून स्क्रीन चालवताना वेगवान तारांच्या चार जोड्या उपलब्ध असतात. काही हब चारही जोड्या चित्रासाठी वापरतात आणि यूएसबीला २.० वर ठेवतात. काही दोन-दोन वाटतात आणि यूएसबी ३ देतात. ज्याला ड्राइव्हचा वेग नको आहे, त्याने पहिल्या प्रकारचा हब घेतला तर वरचा सगळा गोंगाटच टळतो. मी तरी तोच सुचवेन. स्क्रीनला स्पष्ट चित्र मिळतं आणि कीबोर्डला शांतता.

दुसरा संशयित: वाय-फाय

फोन राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडलेला असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झवर न्या. या मांडणीत इतका फुकटचा आणि इतका परिणामकारक इलाज दुसरा नाही. अँड्रॉइडमध्ये वाय-फायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर टिचकी मारली की तपशिलात फ्रीक्वेन्सी दिसते. आयफोनच्या सेटिंगमध्ये ती दिसत नाही, म्हणून राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या आणि फोनमध्ये फक्त ५ गिगाहर्ट्झचं नाव ठेवा. दुसरं काढून टाका, नाहीतर फोन आपणहून तिकडे परत जातो. नेमकी इथेच अनेकांची फसगत होते. सकाळी ५ वर असलेला फोन घरभर फिरून आला की २.४ वर बसलेला असतो, आणि आपण म्हणतो, सकाळी तर बरं होतं.

५ गिगाहर्ट्झची पोच कमी असते, भिंती मधे आल्या की तो पट्कन क्षीण होतो. राउटर दूरच्या खोलीत असेल आणि ५ नीट मिळत नसेल, तर हबमधून इथरनेट केबल लावा. बरेचसे यूएसबी इथरनेट अडॅप्टर अँड्रॉइड आणि यूएसबी-सीवाले आयफोन कुठलंही ॲप न घालता ओळखतात. मग वाय-फाय सरळ बंद करता येतं आणि ब्लूटूथला फोनमधला सगळा वेळ मिळतो. दिवसभर बैठका असलेल्या माणसासाठी हीच पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते.

अडखळणं अगदी ठरावीक अंतराने येत असेल, म्हणजे दर अमुक सेकंदांनी एकदा आणि मग शांत, तर फोन आसपास कुठली नेटवर्क आहेत ते शोधत असण्याची शक्यता आहे. अँड्रॉइडमध्ये लोकेशनच्या सेटिंगमध्ये 'वाय-फाय स्कॅनिंग' आणि 'ब्लूटूथ स्कॅनिंग' असे दोन खटके असतात. वाय-फाय बंद असतानाही हे शोध चालू राहू शकतात. दोन्ही बंद करून बघा.

तिसरा संशयित: बिनवायरचा स्क्रीन

इथे मला स्पष्टच लिहायचं आहे. रोज तासन् तास काम करायचं असेल तर स्क्रीन वायरने जोडा. कीबोर्ड बिनवायरचा, माउस बिनवायरचा, हेडफोन बिनवायरचा चालेल; पण या सगळ्यांचा मिळून जेवढा भार हवेवर पडतो, त्याच्या कितीतरी पट भार एकटा स्क्रीन टाकतो. २०११ मध्ये मोटोरोला एट्रिक्स हा संगणकासारखा वापरता येणारा फोन आला तेव्हा तो डॉकमध्ये, म्हणजे स्क्रीनला जोडलेल्या बैठकीत, बसवावा लागे. २०१७ मध्ये गॅलॅक्सी एस ८ सोबत सॅमसंगने डेक्स, म्हणजे फोन संगणकासारखा वापरायची सोय, आणलं तेव्हाही मोठ्या स्क्रीनसाठी डॉकच लागायचा. डेक्स बिनवायरचं झालं २०२० च्या नोट २० पासून. सगळंच हवेतून नेण्याची सवय आपल्याला अलीकडेच लागली आहे.

मिराकास्ट या बिनवायरने चित्र पाठवण्याच्या (कास्ट करण्याच्या) पद्धतीने स्क्रीन जोडला की फोन आणि टीव्ही यांच्यात वाय-फायचीच एक वेगळी थेट जोडणी होते. फोन त्याच वेळी राउटरलाही जोडलेला असतो. एका वेळी दोन वेगळ्या चॅनेलांवर राहणं फोनला जड जातं, म्हणून पुष्कळ फोन दोन्ही जोडण्या एकाच चॅनेलवर आणतात. राउटर २.४ वर असेल तर तुमचं चित्रही २.४ वर येतं, आणि दर सेकंदाला वाहणारा तो सगळा व्हिडिओ ब्लूटूथच्या डोक्यावर बसतो. म्हणून बिनवायरचा स्क्रीन वापरायचाच असेल, तर आधी फोन राउटरच्या ५ गिगाहर्ट्झला जोडा आणि त्यानंतरच कास्ट सुरू करा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी कास्ट आणि नंतर पट्टा बदलला, तर चित्र तुटतं नाहीतर जिथे आहे तिथेच राहतं.

शिवाय चित्र आवळून पाठवायला आणि तिकडे उलगडायला वेळ लागतो. त्यामुळे बिनवायरच्या स्क्रीनवर बाण हाताच्या किंचित मागे चालतोच. हे ओळखायची सोपी रीत: मान खाली घालून फोनच्या स्वतःच्या पडद्याकडे बघत माउस हलवा. तिथे बाण सुरळीत आणि फक्त मोठ्या स्क्रीनवर मागे, तर ब्लूटूथला बोल लावू नका. उशीर चित्राचा आहे.

वायरने जोडायचं तर फोनच्या यूएसबी-सी पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्टचं (स्क्रीनला चित्र देणाऱ्या पद्धतीचं) चित्र बाहेर देण्याची सोय हवी. पोर्टचा आकार सारखा असला तरी सगळ्या फोनमध्ये ती नसते. आयफोनमध्ये यूएसबी-सी २०२३ च्या आयफोन १५ पासून आलं आणि त्यातून स्क्रीन जोडता येतो. पिक्सेलमध्ये ही सोय पिक्सेल ८ पासून, आणि तीही जून २०२४ च्या अपडेटनंतर खुली झाली. फोन घेण्याआधी एवढं एक वैशिष्ट्य शोधून बघा. या कामासाठी ते कॅमेऱ्याहून जास्त मोलाचं आहे.

हेडफोन

ब्लूटूथ हेडफोन कीबोर्डच्याच वाटेने जातात आणि त्यांची भूक मोठी असते. नेहमीच्या एसबीसी कोडेकला (आवाज आवळून पाठवण्याच्या पद्धतीला) चांगल्या दर्जासाठी सेकंदाला ३२८ किलोबिट लागतात, एलडॅक या उच्च दर्जाच्या कोडेकला वरच्या पातळीवर ९९०. बटणांचे निरोप त्यापुढे चिमूटभर. गाणी ऐकत लिहिताना अडखळत असेल तर हेडफोनच्या ब्लूटूथ तपशिलात जाऊन उच्च दर्जाच्या आवाजाचा खटका बंद करा. बैठकीत असताना तर वायरचे इअरफोन लावा, बोलणाऱ्यालाही तुमचा आवाज जास्त स्वच्छ ऐकू जातो.

तपासणी कशी करायची

अंदाजाने एकेक गोष्ट बदलत बसण्यात मी महिने घालवले. खालच्या पद्धतीने अर्ध्या तासात उत्तर मिळतं.

सगळं सोडवा. हब काढा, स्क्रीन काढा, फोन विमान मोडमध्ये टाका आणि मग फक्त ब्लूटूथ चालू करा. फोन कीबोर्डच्या समोर, हातभर अंतरावर ठेवा. धातूच्या स्टँडवर किंवा स्क्रीनच्या पाठीमागे नको. टिपणांचं ॲप उघडा आणि दोन-तीन मिनिटं एकापाठोपाठ १ ते ० आकडे लिहीत राहा. आकडे यासाठी, की एखादा जास्तीचा उमटला किंवा गळला तर नजरेला लगेच खुपतो.

इथेही अडखळला, तर दोष खरोखरच कीबोर्डचा किंवा सेलचा. दुसऱ्या एखाद्या फोनला जोडून खात्री करून घ्या. स्वच्छ चालला, तर आता एकेक गोष्ट परत आणा आणि दर वेळी तेच आकडे लिहा. आधी वाय-फाय, तेही एखादं मोठं डाउनलोड लावून. नुसतं वाय-फाय चालू असून भार कळत नाही. मग रिकामा हब. मग हबला ड्राइव्ह आणि कॉपी चालू. मग स्क्रीन. शेवटी हेडफोन. प्रत्येक टप्प्याला काय झालं ते कागदावर लिहून ठेवा.

एक सांभाळा. एकेकटी गोष्ट निर्दोष निघेल आणि दोन एकत्र आल्या की त्रास होईल, असं पुष्कळदा होतं. माझ्याकडे २.४ वरचं वाय-फाय एकटं चालायचं, ड्राइव्हही कीबोर्डला फारसा नडायचा नाही. दोन्ही जमले की 'काममममम'. म्हणून आधी निर्दोष ठरलेली गोष्ट काढून न टाकता तिच्यावर पुढची चढवत जा.

ज्यांचा उपयोग झाला नाही

फोनची नेटवर्क सेटिंग रीसेट करणं. याने जपून ठेवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड आणि सगळी पेअर केलेली उपकरणं पुसली जातात, आणि फायदा पुन्हा पेअर करण्याइतकाच, म्हणजे दिवसभराचा. कीबोर्डच्या कंपनीचं ॲप घालून त्याचं सॉफ्टवेअर ताजं करणं, यानेही माझ्याकडे काही फरक पडला नाही. तुमच्याकडे पडला तर चांगलंच. स्क्रीनवरच्या कीबोर्ड ॲपचा कॅशे पुसणं तर पूर्णपणे अस्थानी, त्याचा या वाटेशी संबंधच नाही.

आयफोनवाल्यांसाठी एक तात्पुरता आधार आहे. ॲक्सेसिबिलिटीमध्ये कीबोर्डखाली 'की रिपीट' आहे. तो बंद केला किंवा त्याची वाट बघण्याची वेळ वाढवली, तर निरोप उशिरा आला तरी 'म'ची रांग लागत नाही. अडखळणं राहतंच, पण मजकूर खराब होत नाही. काही अँड्रॉइड फोनमध्येही फिजिकल कीबोर्डच्या सेटिंगमध्ये असा खटका सापडतो.

आणि हबमध्ये चार्जर लावताना किंवा काढताना स्क्रीन सेकंदभर काळा होऊन सगळंच थांबत असेल, तर तो या दुखण्याचा भाग नाही. फोन, हब आणि चार्जर कोणी कोणाला किती वीज द्यायची हे तेव्हा नव्याने ठरवतात आणि त्यात जोडणी क्षणभर तुटते. काम सुरू करण्याआधी चार्जर लावा आणि उठेपर्यंत काढू नका.

माझी आजची मांडणी अशी आहे: स्क्रीन वायरने, यूएसबी २.० वाला हब स्क्रीनच्या मागे, वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर, कीबोर्ड-माउस ब्लूटूथवर, बैठकीला वायरचे इअरफोन. बाजूला टाकलेला तो जुना कीबोर्ड मी परत काढला आणि हे सगळं त्याच्यावरच लिहिलं आहे. खणात एक साधा वायरचा कीबोर्डही ठेवला आहे. वेळेवर काहीतरी पोचवायचंच असतं त्या दिवशी तो हबला लावतो. तुमच्या ब्लूटूथ कीबोर्डला यूएसबी-सीचा पोर्ट असेल तर तो केबलने जोडून लिहिता येतं का तेही आजच बघून ठेवा. पुष्कळ कीबोर्डांचा तो पोर्ट फक्त चार्जिंगपुरता असतो, आणि ते ऐन घाईत कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.